पोच

आतेचं पेन्शन पाच महिने आलंच नव्हतं हे मला तिच्याकडून नाही, वाडीवरच्या दुकानदाराकडून कळलं. गेल्या वर्षी चवथीच्या चार-पाच दिवस आधी गावी गेले होते, कापूर, उदबत्त्या, गूळ असं राहिलेलं काहीबाही घ्यायला दुकानात शिरले तर त्याने गल्ल्याखालून वही काढली आणि म्हणाला, घाई नाही हां ताई, पण तुमच्या कानावर असलेलं बरं. लाल कापडी पुठ्ठ्याची लांबट वही, एका पानाच्या डोक्यावर नुसतं 'आते' लिहिलेलं, कारण अख्खी वाडीच तिला आते म्हणते, आणि खाली बारीक अक्षरात ओळी. साखर अर्धा किलो. चहा पावडर छोटं पाकीट. खोबरेल. बीपीच्या गोळ्या एक पट्टी, म्हणजे हा माणूस तालुक्याला जाताना तिच्या गोळ्यासुद्धा आणत होता आणि त्याचे पैसे वहीत मांडून गप्प बसत होता. नारळ एक. मग जवळजवळ तीन आठवडे नारळाची ओळच नाही. मग परत नारळ एक. मी त्या पानाकडे बघत उभी राहिले, नारळ पन्नाशीला टेकलेला, तिच्या घरामागचा माड दोन वर्षांमागे वाऱ्याने पडला तो पडलाच, आणि तीन आठवडे आते नारळाशिवाय कसलं कालवण करून जेवली असेल ते माझ्या डोळ्यासमोर येईना.

घरी येऊन विचारलं तर चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाली, "अगो बाय, सगळ्यांचंच थांबलं असेल म्हटलं. सरकारकडे नसतील पैसे." पाच महिने तिने हेच धरून ठेवलं होतं. कुणाला विचारलं नाही, कारण शेजारणीला विचारलं आणि तिचं चालू निघालं तर मग आपलं एकटीचंच का बंद असा प्रश्न येणार, आणि त्या प्रश्नाला ती घाबरत होती. आपल्याकडून काहीतरी चुकलं असणार, कुणीतरी आपल्याविरुद्ध लिहून दिलं असणार, असं तिच्या मनात चाललेलं. मला तेव्हा तिचाच राग आला होता, खरं सांगते, फोन का नाही केलास म्हणून मी ओरडलेही. आता नाही येत राग.

आते बहात्तर वर्षांची. गोव्यात डिचोली आणि सत्तरी हे तालुके जिथे एकमेकांना लागतात तिथलं आमचं गाव, तिचे यजमान खाणीवर होते, ते वारले त्याला बरीच वर्षं झाली. मुलाने कर्ज काढून ट्रक घेतला होता, २०१२ च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या, मग थोड्या सुरू झाल्या, मग २०१८ च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाने ८८ लीज रद्द केल्या आणि मार्चपासून परत सगळं ठप्प. त्या भागातल्या किती घरांपुढे तेव्हा ट्रक गंजत उभे होते ते ज्याने पाहिलंय त्याला आठवत असेल. तो आता वेर्ण्याला कंत्राटावर आहे, तिथेच खोली घेऊन राहतो, जमेल तसं पाठवतो. आतेने स्वतः वीस-बावीस वर्षं काजूच्या कारखान्यात बी फोडली. म्हणजे ती कधी कुणावर बसून खाल्लेली बाई नाही.

आपल्याकडे दयानंद सामाजिक सुरक्षा योजना आहे, भाऊसाहेब बांदोडकरांच्या नावाची, २००१-०२ च्या सुमाराला सुरू झालेली. साठीच्या पुढची माणसं, एकट्या पडलेल्या बायका, दिव्यांग अशांसाठी, म्हाताऱ्या माणसाला महिन्याला २,००० रुपये. हे कमी आहेत असं मी पणजीत बसून म्हणते, पण केंद्राचा हिशोब बघितला की गप्प व्हायला होतं. केंद्राने १९९५ साली म्हातारपणाचं पेन्शन चालू केलं ते ७५ रुपयांवर, आज ६० ते ७९ वयाच्या माणसामागे दिल्लीचा वाटा २०० रुपये आणि ऐंशी ओलांडली की ५००. ते २०० जवळपास २००७ पासून तिथेच आहेत. त्यामानाने आपलं राज्य हात आखडता घेणारं नाही, गृहिणींना गृह आधारचे महिन्याला दीड हजार आहेत, मुलींना लाडली लक्ष्मीचे एक लाख आहेत, दीनदयाळ स्वास्थ्य सेवेत छोट्या कुटुंबाला अडीच लाखांपर्यंत आणि मोठ्याला चार लाखांपर्यंत उपचार होतात. माझं भांडण देण्याशी नाहीच. दिलेलं थांबतं कसं आणि थांबल्यावर त्या माणसाला कोण सांगतं, हे माझं भांडण.

तर दुसऱ्या दिवशी मी हाफ डे टाकला आणि आतेला घेऊन निघाले. तिने देवळात जायची साडी नेसली होती. हातात कागदांची पिशवी, तिच्या वयाच्या प्रत्येक बाईकडे असते तशी, एका कापडाच्या दुकानाची जाड प्लास्टिकची, आत रेशनकार्ड, आधार, मतदानाचं कार्ड, पासबुकं दोन, पंधरा वर्षं गोव्यात राहिल्याचा दाखला, यजमानांचा मृत्यूचा दाखला आणि प्रत्येकाच्या चार-चार झेरॉक्स. पहिल्या खिडकीवर बघून सांगितलं की हयातीचा दाखला आलेला दिसत नाही. आते म्हणाली मी दिला. कुठे दिला? तिने सांगितलं, अमुक महिन्यात, सहीसकट, टेबलावर बसलेल्या माणसाने घेतला, बाजूच्या गठ्ठ्यावर ठेवला आणि जा म्हणाला. पोच आहे का? पोच नव्हती. तिला कुणी दिलीच नव्हती आणि मागायची असते हे तिला माहीत नव्हतं. त्यानंतर तो कागद त्या गठ्ठ्यातून कुठे गेला, वर गेला की नाही, गेला तर एंट्री झाली की नाही, हे शेवटपर्यंत कुणालाच सांगता आलं नाही. मेसेज जातो म्हणाले. गेला असेलही, पण नोंदवलेला नंबर मुलाच्या ट्रकच्या काळातल्या सिमचा, ते सिम बंद होऊनही जमाना झाला.

मग बँक. तिथे केवायसी राहिलीय म्हणून अंगठा मागितला. काउंटरवरची मुलगी चांगली होती, लहान होती, आजी आजी करत होती. ते छोटंसं काळं मशीन, त्यातला लाल उजेड, आतेने उजवा अंगठा ठेवला, नाही लागला. पुसून ठेवला, नाही. डावा, नाही. पहिलं बोट, मधलं बोट, ओल्या फडक्याने पुसून, मग केसांवरून फिरवून थोडं तेल लावून, मागे लाइन वाढत चालली होती आणि आते प्रत्येक वेळी त्या मुलीकडे असं बघत होती की जणू तिचंच काही चुकतंय. काजूच्या टरफलात जे तेल असतं ते कातडी जाळतं, कारखान्यातल्या बायका बोटांना राख लावून काम करायच्या तरी पोळायचंच, आतेच्या बोटांची पेरं अजून गुळगुळीत आणि काळसर आहेत, रेघ म्हणून दिसत नाही. शेवटी डाव्या हाताच्या करंगळीवर मशीन हिरवं झालं. आतेने ती करंगळी वर धरून बघितली आणि मला म्हणाली, "ही बी फोडायला लागत नव्हती."

मी ते विसरू शकत नाही. ज्या बोटांनी काम केलं ती बोटं ओळख पटवायला चालली नाहीत, न राबलेलं एकच बोट चाललं. सुप्रीम कोर्टाने आधारच्या निकालात, २०१८ च्या सप्टेंबरात, म्हटलंय की ओळख पटली नाही म्हणून हक्काच्या माणसाला वंचित ठेवता येणार नाही, दुसरा मार्ग द्यायला हवा. तो दुसरा मार्ग काउंटरवरच्या मुलीला कुणीतरी शिकवायला हवा ना, तिला फक्त एवढंच शिकवलं होतं की परत लावा आजी.

यात मला सगळ्यात टोचलं ते म्हणजे माझे बाबा. बाबा आतेचे सख्खे भाऊ, पोस्टात होते, पोस्टमन म्हणून लागले आणि तिथूनच रिटायर झाले. त्यांनाही हयातीचा दाखला लागतो, केंद्राच्या पेन्शनरांना नोव्हेंबरात द्यावा लागतो. पण २०१४ च्या नोव्हेंबरात जीवन प्रमाण आलं, डिजिटल दाखला, आणि २०२१ पासून तर नुसता चेहरा दाखवून होतो, म्हणजे बाबा व्हरांड्यातल्या खुर्चीत बसतात, मी फोन धरते, ते दोनदा डोळे मिचकावतात आणि दाखला झाला, लगेच नंबर येतो, तो नंबर ते डायरीत लिहून ठेवतात. दोन मिनिटं. एकाच आईची दोन मुलं, एकाने सरकारची नोकरी केली, दुसरीने काजू फोडले, दोघांनाही सरकारला वर्षातून एकदा सांगायचं असतं की मी आहे, आणि एकाला ते खुर्चीत बसून सांगता येतं आणि दुसरीला त्यासाठी दोन बसेस बदलाव्या लागतात. टेक्नॉलॉजी नाही असं नाहीच मुळी. ती कुणाच्या सोयीसाठी आधी आणायची एवढाच प्रश्न आहे.

बाबांना हे सगळं सांगितलं तेव्हा ते खूप वेळ काही बोलले नाहीत, मग मनिऑर्डरीचं बोलायला लागले. मुंबईला नोकरीला असलेली मुलं आयांना मनिऑर्डर पाठवायची, बाबा पावसात डोक्यावर पिशवी धरून वाड्या-वाड्यांवर जायचे. दार वाजवायचं, म्हातारी बाहेर आली की नोटा तिच्या समोर मोजायच्या, ज्यांना सही येत नाही त्यांचा अंगठा शाईचा, बाजूला साक्षीदाराची सही, आणि मग फॉर्मचा पोचपावतीचा भाग परत पाठवणाऱ्याकडे. "मुंबईत पोराला तो अंगठा बघून कळायचं की आई आहे आणि पैसे तिच्याच हातात पडले," बाबा म्हणाले. बाबा त्या काळाचं नुसतं कौतुक करत नव्हते, चहापाण्याला म्हणून शंभरातले पाच-दहा काढून घेणारेही पोस्टमन होते हे त्यांनीच सांगितलं, म्हातारी मेल्यावर शेजाऱ्याचा अंगठा घेऊन पैसे वाटून घेतल्याची एक भानगडही सांगितली. म्हणून तर पैसे थेट खात्यात जायला लागले, १ जानेवारी २०१३ पासून थेट लाभाची पद्धत आली, ती चांगलीच झाली, मधले हात गेले. पण मधल्या हातांबरोबर दारावर येणारा माणूसही गेला आणि पोचही गेली. आता सरकार पैसे सोडतं, पण पोचले का हे विचारत नाही, आणि बंद करतं तेव्हा बंद केले हेही सांगायला येत नाही.

आता कुणी म्हणेल खोट्या लाभार्थ्यांचं काय. बरोबर आहे, ते आहेतच. वारलेल्यांच्या नावावर पेन्शन चालू राहिल्याच्या बातम्या आपल्याकडेही येऊन गेल्यात, बंगल्यात राहून गृह आधार घेणारी घरं माझ्या माहितीत आहेत, शेजारच्या महाराष्ट्रात लाडक्या बहिणीचे पैसे पुरुषांच्या खात्यात गेल्याचं २०२५ मध्ये निघालं. हा जनतेचा पैसा आहे आणि तो चुकीच्या हातात जाऊ नये असं मलाही वाटतं, टॅक्स मीही भरते. पण चुका दोन बाजूंच्या असतात ना. नको त्याला मिळालं ही एक, हवं त्याला मिळालं नाही ही दुसरी. पहिलीची बातमी होते, चौकशी लागते, आकडा छापून येतो. दुसरीची नोंद कुठे होते सांगा. आतेच्या पाच महिन्यांची नोंद या जगात एकाच ठिकाणी झाली, त्या दुकानदाराच्या लाल वहीत. आणि गंमत नाही सांगत, सरकारच्या कागदावर तर ते दहा हजार कदाचित बचत म्हणून दिसले असतील.

हयातीच्या दाखल्याचंच घ्या. माणूस मेला की त्याची नोंद सरकारकडेच होते, १९६९ पासून कायदा आहे. अडचण अशी की नोंद जिथे मृत्यू होतो तिथे होते, आमच्याकडची म्हातारी माणसं शेवटी बांबोळीच्या सरकारी इस्पितळात जातात, तिथेच गेली तर तिथे नोंद, गावच्या पंचायतीला कळेलच असं नाही. पण २०२३ साली तो कायदा बदलला, सगळ्या नोंदी एका जागी जोडायची सोय त्यात केलीय, १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू आहे. म्हणजे कोण गेलं ते सरकारला स्वतःच्याच कागदावरून काढता येईल. जे गेले त्यांची यादी सरकारने स्वतः करायची की जे आहेत त्या सगळ्यांना दरवर्षी लाइनीत उभं करायचं, यातलं सोपं कुठलं आणि माणुसकीचं कुठलं हे मला तरी स्पष्ट दिसतं.

उत्पन्नाच्या मर्यादेचंही तसंच आहे. गृह आधारला नवरा-बायकोचं मिळून वर्षाचं तीन लाखांच्या आत लागतं, म्हणजे महिन्याला पंचवीस हजार. फार्मा कंपनीत पॅकिंगला दोघंही तेरा-तेरा हजारांवर असली की ती बाहेर. माझ्या ओळखीतल्या एका वहिनीने कंपनीतली बढती नको म्हणून सांगितलं होतं, दीड हजार जातील म्हणून, पगार तेवढाच वाढणार होता आणि बढतीबरोबर नाइट शिफ्टही येत होती. कुणी तिला आळशी म्हणावं असं त्यात काय आहे? रेषा एकदम कड्यासारखी तोडलेली असेल तर माणूस कड्याच्या अलीकडेच थांबणार, उतार ठेवला, जास्त मिळायला लागलं की मदत थोडी थोडी कमी होत गेली, तर तीच बाई पुढे गेली असती. मराठी मुलखाला हे नवीन नाही, १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात रोजगार हमी उभी राहिली, वि. स. पागेंनी तिच्यामागे जीव लावला, १९७७ ला कायदा झाला, 'मागेल त्याला काम' एवढंच सूत्र. तू गरीब आहेस हे सिद्ध कर असं त्यात कुणी विचारलं नाही, उन्हात खडी फोडायला जो येतो त्याला गरज असणारच. म्हाताऱ्या माणसाला खडी फोडायला लावता येत नाही हे खरं, पण मागणाऱ्यावर आधी विश्वास ठेवायचा ही त्यातली गोष्ट तरी घेता येते.

आणि काही चांगलंही झालंय, ते सांगायला हवं. लहान मूल असलेल्या विधवेला आधी दोन खात्यांकडे दोन अर्ज, दोन ठिकाणी फेऱ्या माराव्या लागायच्या, आता मूल एकवीसच्या आतलं असेल तर महिन्याचे ४,००० एकाच योजनेतून मिळावेत असा बदल आपल्या सरकारने केला. पैसे वाढवले नाहीत, नुसत्या फेऱ्या कमी केल्या. मला सुधारणा म्हणजे हेच वाटतं. २०२० पासून स्वयंपूर्ण मित्र म्हणून नेमलेले सरकारी अधिकारी पंचायतीत येऊन बसतात, त्याच माणसाच्या हातात महिन्याला एक छोटी यादी द्या, या महिन्यात या वाडीवरच्या या तीन माणसांचे पैसे थांबायची वेळ आलीय, जा, दार वाजवा, बघा, आणि मगच थांबवा. थांबवायचेच झाले तर कारण मराठीत-कोंकणीत लिहून हातात द्या. सेवा अमुक दिवसांत द्यायची असा आपल्याकडे २०१३ चा कायदा आहे, तसाच चुकून थांबलेले पैसे अमुक दिवसांत, मागच्या महिन्यांसकट, परत चालू करायचे असा नियम का नसावा? गावातल्यांच्या हातात दिलं की राजकारण शिरतं, दुसऱ्या पॅनेलच्या मतदाराचं नाव कापलं जातं, हे मला माहीत आहे, आम्हीही गावातच वाढलो. म्हणून पंचाच्या एकट्याच्या शब्दावर नको, नाव कमी करायचं तर ग्रामसभेत वाचून दाखवा. वाडी खोटं बोलत नाही इतक्या माणसांसमोर, ती उठून सांगते, अरे आते आहे, सकाळीच तिने माझ्याकडे बकुळीची ओवळं मागितली.

आमच्या घरात म्हातारी माणसं रागावली की म्हणायची, मला प्रोव्हेदोरियात नेऊन घाला. पोर्तुगीज काळापासूनची ती संस्था, वृद्धाश्रम चालवते, आणि लहानपणी मला तो शब्द म्हणजे कुणी नसलेल्यांची जागा एवढाच कळायचा. नंतर मोठेपणी कळलं की सरकारी कागदावरच्या तिच्या नावाचा अर्थच मुळी सार्वजनिक साहाय्य असा आहे. आतेने त्या दिवशी बसमध्ये परत येताना तोच शब्द काढला. मला म्हणाली, पेन्शन नाही मिळालं तर पोराला भार नको, तिकडे जाईन. कदंब बस घाटीवर कण्हत चढत होती, खिडकीतून पाऊस आत येत होता आणि तिने ती कागदांची पिशवी पदराखाली घेतली होती, कागद भिजू नयेत म्हणून, खांदा भिजत होता तो भिजू दिला.

पेन्शन दिवाळीच्या आसपास परत सुरू झालं. मागचे थांबलेले पैसे अजून मिळालेले नाहीत, अर्ज दिलाय, त्याची पोच माझ्याकडे आहे. दुकानदाराचं ती महिन्याला पाचशे करून फेडत होती, त्याने व्याज लावलं नाही की तोंड वाकडं केलं नाही, प्रत्येक पाचशेला तो वहीत तारीख घालायचा, स्वतः सही करायचा आणि तिच्याकडच्या कागदावरही तेच लिहून द्यायचा. संपलं ते गेल्या फेब्रुवारीत, शेवटच्या ओळीखाली त्याने दोन आडव्या रेघा मारल्या.

या मे महिन्यात आते हयातीचा दाखला द्यायला एकटी गेली. मी येते म्हटलं तर नको म्हणाली. फॉर्मच्या दोन प्रती, दोन्हीवर सही, आणि टेबलावरच्या माणसाने एक घेऊन गठ्ठ्यावर ठेवली तेव्हा ती दुसरी पुढे करून उभी राहिली. तो म्हणाला लागत नाही आजी, जा तुम्ही. आते म्हणाली, माझा भाऊ पोस्टात होता, मला पोच पाहिजे. मागची माणसं खोळंबली तरी ती हलली नाही. संध्याकाळी दुकानदाराच्या फोनवरून मला फोटो आला, निळा शिक्का थोडा तिरका बसलेला, पण तारीख नीट वाचता येत होती.